एक घर, एक थर

खोली भाड्याने देताना आमच्या घरमालकीणबाईंनी मला पगार विचारला नाही, मी फोडण्या घालते का ते विचारलं नाही, माझ्याकडे कोण येतं-जातं तेही नाही. चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी एवढंच विचारलं, “उद्या तुझं लग्न ठरलं, तर तुझ्या केकला किती थर येतील?”

मी सांगलीहून शिकायला आलेली आणि शिकून झाल्यावर नुकतीच एका कॉम्प्युटर कंपनीत लागलेली. मला वाटलं, अमेरिकेत भाडेकरूला हे विचारायची पद्धत असेल. बेकरीच्या काचेत पाहिलेले केक आठवून मी म्हटलं, “तीन.”

“तीन?” बाईंचा चेहरा पडला. “अरेरे. तीनच?” आणि त्यांनी बेसमेंटची किल्ली काढून माझ्या हातात दिली. खोली मला कीव येऊन मिळाली होती, हे मला कितीतरी दिवसांनी कळलं.

हे ऐंशीच्या दशकातलं, व्हर्जिनियातलं हर्नडन गाव. तेव्हा तिथे गायी आणि कॉम्प्युटर शेजारी शेजारी राहत होते. आमच्या ऑफिसच्या पार्किंग लॉटला लागून दुभत्या गायींचं कुरण होतं आणि वरून विमानतळाकडे उतरणारी विमानं जायची. बाई पोर्चवर बसून विमानं मोजायच्या. विमानंच काय, त्या सगळंच मोजायच्या. जिन्याच्या पायऱ्या, दाण्यावर येणारे कार्डिनल पक्षी, चर्चमध्ये पाद्री किती वेळा खोकला ते. वय पासष्टच्या पुढे, पायात मेलेल्या नवऱ्याचे बूट, अंगात फुलाफुलांचा झगा, आणि दारात एक पिकअप ट्रक, जो त्या इतक्या सावकाश चालवत की मागे गाड्यांची वरात लागे. मग त्या आरशात बघून त्याही मोजत.

बाई मूळच्या हर्नडनच्या नव्हत्या. व्हर्जिनियाच्या पार नैऋत्य टोकाला, कोळशाच्या खाणींच्या डोंगरात त्यांचं माहेर. तिथल्या लग्नाच्या केकचं नाव स्टॅक केक. स्टॅक म्हणजे चळत. ना क्रीम, ना गुलाब. आलं आणि काकवी घालून मळलेल्या पिठाच्या जाडसर भाकऱ्याच म्हणा ना, बिडाच्या तव्यात भाजलेल्या. त्या एकावर एक रचायच्या आणि मध्ये मध्ये सुकवलेल्या सफरचंदांचं शिजवून घोटलेलं पुरण. रचून झाला की फडक्याखाली दोन दिवस झाकून ठेवायचा, म्हणजे पुरणाचा ओलावा थरांत उतरतो. लगेच कापला तर दात पडतील.

पण केकचा खरा अर्थ निराळाच होता. तो बाईंनी मला पहिल्याच आठवड्यात कट्ट्यावर पीठ सांडून, त्यात बोटाने रेघा ओढून शिकवला.

“डोंगरात कोणाकडे एवढं पीठ आणि साखर असायची? म्हणून लग्न ठरलं की प्रत्येक घर एक थर भाजून आणायचं. नवरीची आई फक्त पुरण शिजवायची. केक जेवढा उंच, तेवढी नवरीला माणसं. एक घर, एक थर. जास्त नाही, कमी नाही. कळलं?”

“कळलं,” मी म्हटलं.

“मग आता सांग, तीन थर म्हणजे काय?”

“म्हणजे मला कोणीच नाही,” मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

आयसिंगवर बाईंचा दात होता. त्यांच्या मते आयसिंग हा भिंतीला दिलेला रंग, आत विटा किती ते दिसू नये म्हणून दिलेला. एकदा शेजारच्या मुलीच्या लग्नात चांगला कमरेइतका उंच पांढराशुभ्र केक मांडला होता. बाईंनी पर्समधून विणकामाची सुई काढली आणि कोणाला काही कळायच्या आत केकमध्ये खुपसली. वरच्या मजल्यात ती सरळ गेली. खालच्या दोन मजल्यांतून ती बाहेर काढताना करकर आवाज आला. ते थर्माकोल होतं. “दोन मजले खोटे आहेत!” बाईंनी भर मांडवात जाहीर केलं. त्या शेजाऱ्यांनी पुढे दोन वर्षं बाईंशी अबोला धरला. बाईंनी सुई मात्र पर्समध्येच ठेवली.

फोनवर तर त्या तार केल्यासारख्या बोलायच्या. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर फोन होता. त्यात ओरडून दोन वाक्यं टाकायची आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत ठेवून द्यायचा. फोनशेजारी नंबरांचा कागद चिकटवलेला होता आणि त्यातला सगळ्यात वरचा नंबर त्या कधीच फिरवत नसत. त्या नंबरपुढे नावही नव्हतं.

दर सप्टेंबरात सफरचंदांचं वाळवण पडायचं. काप करून जुन्या चादरींवर, पोर्चच्या पत्र्यावर. सांगलीला पापडांवरून कावळे हाकण्यात माझं बालपण गेलं होतं, त्यामुळे या एका कामात मी बाईंच्या अपेक्षेपेक्षा फार वर निघाले. शिडीवर बसून मी खारी हाकायचे आणि बाई खालून विचारायच्या, “किती काप राहिले?” एवढं वाळवण घालून त्या केक मात्र करत नसत. “मी एकटीने सगळे थर भाजून रचले तर ती लबाडी झाली,” असं म्हणून त्या सगळ्या कापांचे ॲपल पाय करून संपवायच्या.

मग माझं लग्न ठरलं. मॅथ्यू आमच्याच ऑफिसातला, केरळचा ख्रिश्चन, हसला की डोळे मिटणारा. मी घरी पत्र लिहिलं. बाबांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं. आमच्याकडून कोणी येणार नाही, असं त्यात होतंच. त्याशिवाय तिथल्या आपल्या लोकांनाही मी कळवलं आहे, या गोष्टीला कोणी उत्तेजन देऊ नये, असंही होतं. आईची त्यात एक ओळ नव्हती.

आपले लोक म्हणजे आजूबाजूला राहणारी अकरा मराठी घरं. गणपतीला, दिवाळीला ज्यांच्याकडे जेवून मी दिवस काढले ती. मी फोन केले तेव्हा प्रत्येकाच्या आवाजात एक गाठ होती. “बघू गं, वीकेंडला काहीतरी आहे.” “ह्यांची ट्रिप ठरतेय, कळवते.” मॅथ्यूचेही आईवडील इतक्या लांब येऊ शकणार नव्हते. मी पत्र घेऊन बाईंच्या स्वयंपाकघरात गेले आणि खुर्चीत बसून जोरात रडले. माझं असंच आहे, रडायचं तर घर हलवून.

बाईंनी मला रडू दिलं. मग ओव्हनखालच्या कप्प्यातून एक छोटा बिडाचा तवा काढून माझ्यापुढे आदळला.

“माझ्या केकला एक थर होता,” त्या म्हणाल्या.

बाईंचे यजमान हंगेरीहून खाणीत काम करायला आलेले. त्यांची भाषा गावात कोणाला येत नव्हती, चर्च वेगळं, नाव उच्चारता येत नाही असलं. गावाने ठरवलं की या लग्नाला थर द्यायचा नाही. बाईंच्या आईने पुरण शिजवलं आणि दोन दिवस दाराकडे बघत बसली. कोणी आलं नाही. बहीणसुद्धा आली नाही. बहिणीचं लग्न त्याच वर्षी झालेलं. तिच्या केकला नऊ थर होते आणि त्यातला एक बाईंनी स्वतः भाजलेला होता. शेवटी आईनेच या तव्यात एक थर भाजला, वर पुरण पसरलं आणि मुलीसमोर ठेवला.

“एका थराचा केक नसतो, पोरी,” बाई म्हणाल्या. “एक थर म्हणजे बिस्किट. पंचेचाळीस वर्षं झाली, मी बिस्किटावर लग्न केलं. तू करायचं नाहीस. तुझ्या लोकांचे नंबर आण.”

मी नको नको म्हणत होते. बाईंनी मराठी मंडळाची यादी माझ्या हातातून ओढून घेतली आणि अकराच्या अकरा घरांना फोन लावले. मी समोरच होते, म्हणून शब्द न् शब्द सांगू शकते. “तुम्ही मला ओळखत नाही. पोरीचं लग्न शनिवारी आहे. गुरुवारी संध्याकाळी सहाला एक थर पाहिजे. लिहून घ्या.” मग पीठ, काकवी, आलं, ताक, ताटली केवढी, ओव्हन किती, असं सगळं एका दमात. “चरबी चालत नसेल तर लोणी घाला.” आणि फोन खाली. कोणालाही ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ म्हणायची संधीच मिळाली नाही.

पाच मिनिटांनी कुमुदकाकूंचा मला फोन आला. कुमुदकाकू म्हणजे आमच्या मंडळाचा कणा. पुण्याच्या, आवाज खणखणीत, व्हर्जिनियात पंधरा वर्षं राहून एकदाही कोणाचं ऐकलं नव्हतं.

“अगं, ती तुझी लँडलेडी मला ऑर्डर देते! वन लेयर म्हणे! ही काय पद्धत आहे?”

“काकू, तुम्हाला यायचं नसेल तर...”

“मी यायचं नाही असं कधी म्हटलं? मी पद्धतीबद्दल विचारतेय,” असं म्हणून त्यांनीही फोन आपटला. आमच्या लग्नाच्या दोन्ही बाजूंना फोन आपटणाऱ्या बायका आहेत, एवढंच मला त्यातून कळलं.

गुरुवारी बाईंनी पोर्चवर टेबल मांडलं. मधोमध त्यांच्या आईचं निळ्या काठाचं मोठं ताट, त्यात बाईंनी सकाळी भाजलेला एक थर. पुरणाचं पातेलं भरून तयार. जूनची संध्याकाळ, ऊन अजून चांगलं होतं. सहा वाजले. सव्वासहा वाजले. बाई विमानं मोजत बसल्या होत्या. मी त्या एका थराकडे बघत होते आणि मला सांगलीचं आमचं दार, त्यावरचं तोरण, ताईच्या लग्नातली गर्दी असलं काहीबाही आठवत होतं.

साडेसहाला पहिली गाडी वळली. बाईंना आमच्या लोकांची वेळ माहीत नव्हती. सहा म्हणजे साडेसहा, हे मी भीतीपोटी साफ विसरून गेले होते. त्या गाडीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. बायका उतरल्या, काका उतरले, मुलं “व्हॉट इज धिस, मम्मी?” करत उतरली. प्रत्येकाच्या हातात फॉइलने झाकलेलं काहीतरी. मी उभी राहिले.

सगळ्यात शेवटी देशपांडेकाका आले. हे बाबांचे कॉलेजपासूनचे मित्र. बाबांचं पत्र पहिलं यांच्याकडे आलं असणार. काकू भारतात गेलेल्या, म्हणून काकांनी स्वतः भाजलेलं होतं. एका बाजूने जळलेलं, दुसऱ्या बाजूने कच्चं, नकाशात श्रीलंका दिसते तसं.

“तुझ्या बाबांचं पत्र आलं मला,” काका म्हणाले. “वाचलं आणि म्हटलं, अरे, म्हणजे पोरीला आता माणसं लागणार.”

मी तिथेच पुन्हा रडले. बाईंनी काकांचा तुकडा उलटसुलट करून पाहिला. “वाकडा थर सगळ्यात खाली घालतात,” त्या म्हणाल्या. “वरच्यांच्या वजनाने सरळ होतो.” आणि आपला थर उचलून त्याखाली काकांचा ठेवला.

मग त्यांनी बाकीच्यांची फॉइल उघडली आणि संतापाने लाल झाल्या.

कोणीही एक थर आणला नव्हता. प्रत्येक घराने पाच पाच आणले होते. देशपांडेकाकांनीसुद्धा, बाकीचे चार गाडीत होते.

“हे काय आहे?” बाई ओरडल्या. “एक घर, एक थर सांगितलं होतं! उंची फुगवता? ही लबाडी आहे!”

“लबाडी?” कुमुदकाकू पुढे झाल्या. “एक्सक्यूज मी! लग्नघरी कोणी एक पोळी हातात धरून येतं का? लाज नाही वाटणार? शुभकार्याला पाचच असतात. वन इज नॉट डन!”

बाईंना हे पटणं शक्य नव्हतं. त्यांनी प्रत्येक चळतीतला एक थर घेतला, पुरण फासून ताटात रचला आणि उरलेले चार ज्याचे त्याला परत सारले. दहा घरांचे दहा, बाईंचा एक. अकरा. अकरावं मराठी घर आलं नाही, त्यांचं नाव मी आजही सांगत नाही. अकराच्या त्या चळतीला बाईंनी सुई टेकवून उंची पाहिली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मला जगात त्याक्षणी काही कमी नव्हतं.

एका काकूंनी हळूच सुचवलं, “एक एक्स्ट्रा आईच्या नावाचा लावू या का?” मी बाईंना विचारलं. “नाही,” बाई म्हणाल्या. “जिने भाजला नाही, तिचा थर नाही.” मला ते लागलं, पण त्या बोलल्या ते खरं होतं.

“आता हे उरलेले घरी घेऊन जा,” बाईंनी फर्मावलं.

“लग्नघरी आणलेलं आम्ही परत नेत नाही,” कुमुदकाकू म्हणाल्या.

“माझ्या घरात खोटे थर राहणार नाहीत.”

“मग ठेवू कुठे? डोक्यावर?”

दोघी टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या. चाळीस थर मध्ये. एकीला पुण्याचा अभिमान, दुसरीला डोंगराचा. मला हसू आवरेना आणि रडूही. त्या भरात मी कुमुदकाकूंचा हात धरून मराठीत सगळं सांगून टाकलं. खाण, हंगेरीचा नवरा, दोन दिवस दाराकडे बघत बसलेली आई, एक थर, बिस्किट. बाई समोरच उभ्या होत्या, त्यांना एक शब्द कळत नव्हता. पण सगळे पुरुष आणि बायका एकदम आपल्याकडे बघायला लागल्यावर त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला.

कुमुदकाकूंनी पदराने हात पुसले. मग कोर्टात विचारावं तसं इंग्रजीत विचारलं, “तुमचा नियम काय? प्रत्येक ब्राइडला एका घराचा एक थर. करेक्ट?”

“करेक्ट.”

“या घरात ब्राइड किती?”

“एक,” बाई म्हणाल्या.

“दोन,” कुमुदकाकू म्हणाल्या, आणि टेबलावरचं एक रिकामं ताट ओढून त्यात आपला दुसरा थर ठेवला. “हा आमच्या घरचा. तुमच्यासाठी.”

“माझा नवरा मेलाय, बाई.”

“सो व्हॉट? केक ब्राइडचा असतो ना?”

नियम बाईंचाच होता, आणि त्यात कुठे फट नव्हती. दुसऱ्या काकूंनी थर ठेवला. मग तिसऱ्यांनी. मी मध्ये मध्ये पुरण फासत होते. वर्षभराचं वाळवण शिजवलेलं, ते पुरून उरलं. देशपांडेकाकांचा या वेळचा थर जरा गोल होता. दहा झाल्यावर मी आत धावले, बाईंच्या आईचा तो छोटा तवा काढला आणि उरलेल्या पिठाचा एक थर भाजून आणला. मीही त्या घरात दोन वर्षं राहत होते, माझंही एक घर होतंच की. तो लहान थर मी सगळ्यात वर ठेवला, टोपी घातल्यासारखा.

बाईंनी खालून वर बोटाने मोजलं. मग वरून खाली मोजलं. आयुष्यभर सगळं मोजणाऱ्या त्या बाईचं बोट सहाव्या थरापाशी थांबलं आणि पुढे जाईना. “तू मोज,” त्या मला म्हणाल्या. मी मोठ्याने मोजलं, मराठीत, आणि सगळे माझ्याबरोबर म्हणत गेले, मुलंसुद्धा. अकरा!

उरलेले तीस थर मुलांनी तिथेच बिस्किटासारखे कुरुमकुरुम खाऊन संपवले.

शनिवारी त्यांच्या अंगणात लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, मॅथ्यूच्या मित्रांनी मल्याळममध्ये गाणं म्हटलं. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा बाईच जास्त मिरवल्या, हे मला कबूल केलं पाहिजे. नवऱ्याचे बूट पॉलिश करून घातले होते. आपला केक दोन्ही हातांत धरून त्या प्रत्येक पाहुण्यापुढे जात, सुई त्याच्या हातात देत आणि म्हणत, “खुपसून बघ. सगळे खरे आहेत.” दोन वर्षांचा अबोला धरलेले शेजारीही आले होते. बाईंनी त्यांना सगळ्यात मोठा तुकडा दिला आणि सुई दोनदा खुपसायला लावली.

पुढे एकदा मी लायब्ररीत एका पुस्तकात वाचलं की स्टॅक केकची ही सगळी गोष्ट दंतकथा असावी, बहुतेक बायका घरीच सगळे थर भाजत. मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “ज्याने लिहिलंय त्याला विचार, त्याच्या लग्नात किती थर होते.” आणि माझी मुलगी झाल्यावर आई एकटीच सांगलीहून आली, तेव्हा बाईंनी तिला नमस्कारसुद्धा करू न देता हातात तवा दिला. आईने पदर खोचला आणि पीठ मळायला घेतलं.

पण हे सगळं नंतरचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी वर चहा करायला गेले तर बाई फोनपाशी उभ्या होत्या. कागदावरचा सगळ्यात वरचा, नाव नसलेला नंबर त्यांनी फिरवला. पलीकडे कोणीतरी उचलला.

“मी बोलतेय,” बाई म्हणाल्या. “अकरा.”

आणि फोन ठेवून दिला. पंचेचाळीस वर्षांनी बहिणीशी एवढंच बोलणं झालं. मग त्यांनी मला विचारलं, “नऊ मोठे की अकरा?” मी म्हटलं, अकरा. त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि घर दणाणून सोडत हसल्या.

आठवड्याने पोस्टाने एक खोका आला. वर बाईंचं नाव पेन्सिलीने, आत चिठ्ठी नाही, काही नाही. मेणकागदात गुंडाळलेला एकच थर होता, गोल, काठ बोटांनी दाबून नीट केलेले. डोंगरातून येईपर्यंत दगड झाला होता. बाईंनी तो कट्ट्यावर आपटून पाहिला, खणखण वाजला.

“बिस्किट,” बाई म्हणाल्या.

आम्ही तो दोन तुकडे करून चहात बुडवून खाल्ला, शेवटच्या कणापर्यंत. बाईंनी कप खाली ठेवला, मनगटाने डोळे पुसले आणि ताठ बसून म्हणाल्या, “बारा.”